वर्ग सोपवताना : प्राथमिक शाळेतील वर्षअखेरीचे नियोजन, टप्प्याटप्प्याने

प्राथमिक शाळेत वर्ष संपत आले की वर्गशिक्षकाच्या टेबलावर सगळी कामे एकाच वेळी येऊन पडतात. मूल्यमापन, प्रगतिपुस्तके, निरोप समारंभ, पालकसभा, ग्रंथालयाची पुस्तके परत घेणे, साहित्याची मोजदाद आणि या सगळ्यात रोजचे शिकवणे. यांपैकी ज्या कामांना ठरलेली तारीख असते ती कशीबशी पार पडतात. ज्या कामाला तारीख नसते ते राहून जाते. एका शिक्षकाला वर्षभरात एका मुलाविषयी जे उमगले ते पुढच्या शिक्षकापर्यंत पोहोचवणे हे असेच बिनतारखेचे काम आहे, आणि वर्षअखेरीच्या सगळ्या कामांत मी त्यालाच पहिले स्थान देते.

याचे कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. माझ्या वर्गात आलेली एक मुलगी पहिले दोन महिने प्रश्नांना क्वचितच उत्तर देत असे. ती बुजरी आहे असे मी धरून चालले होते. एके दिवशी तिच्या आधीच्या वर्गशिक्षिका व्हरांड्यात भेटल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून त्या तिला वर्गाच्या डाव्या कडेला बसवत, जेणेकरून तिचा चांगला कान शिक्षकाकडे राहील. मी तिला उजव्या भिंतीलगत बसवले होते. जागा बदलल्यावर आठवड्याभरात ती बोलू लागली. जी गोष्ट सांगायला अर्धे मिनिट पुरले असते तिच्यासाठी त्या मुलीचे दोन महिने गेले.

खाली दिलेला क्रम शेवटच्या सहा आठवड्यांचा आणि त्यानंतर नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचा आहे. शाळेची पद्धत, वर्गाचा आकार आणि सुट्टीची लांबी यांनुसार त्यात फरक करावा लागेल.

सहा आठवडे आधी : उलट्या क्रमाने दिनदर्शिका

शाळेच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजायला सुरुवात करावी. आठवड्याला पाच दिवस शाळा असेल तर सहा आठवड्यांचे ३० दिवस होतात. त्यांतून सुट्ट्या, मूल्यमापनाचे दिवस आणि समारंभाचा दिवस वजा केले की प्रत्यक्ष हातात १८ ते २० दिवस उरतात. हा आकडा कागदावर पाहिल्याशिवाय बहुतेकांना पटत नाही. एका मोठ्या कागदावर हे सगळे दिवस आखून आधी न हलणाऱ्या तारखा भराव्यात, आणि लगेच दुसऱ्याच क्रमांकावर वर्ग सोपवण्याच्या बैठकीची तारीख घालावी. ती मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावी आणि दोन्ही शिक्षकांच्या वेळापत्रकात त्या वेळेपुरती दुसऱ्या कोणाची तरी वर्गावर नेमणूक करून घ्यावी. शाळा सुटल्यावर थकलेल्या अवस्थेत घाईने उरकलेल्या बैठकीत नेमक्या बारीक गोष्टी निसटतात.

पुढच्या वर्षी कोणता वर्ग कोणाकडे जाणार हे याच सुमारास ठरलेले असणे हिताचे आहे. ते शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नसेल तर पुढची अर्धी तयारी कागदावरच राहते. मुख्याध्यापकांकडे आग्रह धरायचा झाला तर मी या एका गोष्टीसाठी धरेन.

शिकवणे चालू ठेवावे

मूल्यमापन संपले की वर्ष संपले, अशी भावना मुलांत आणि शिक्षकांत एकाच वेळी शिरते. त्यानंतरच्या दिवसांत तासांच्या सीमा सैल होतात, मुले मोकळी सोडली जातात आणि नेमक्या याच दिवसांत भांडणे, रडारड आणि पोटदुखीच्या तक्रारी वाढतात. लहान मुलाला दिवसाचा क्रम माहीत असणे हाच मोठा आधार असतो. तो क्रम निघून जातो आणि त्याच वेळी लाडक्या शिक्षकांपासून, मित्रांपासून दूर जाण्याची चाहूलही लागलेली असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘मला निरोपाची भीती वाटते’ असे म्हणता येत नाही, म्हणून ते शेजाऱ्याची पेन्सिल तोडते, एरवी स्वतः करत असलेल्या कामासाठी मदत मागत राहते किंवा शिक्षकांना चिकटून बसते. अशा वेळी त्या मुलाला बेशिस्त ठरवण्यापूर्वी वेळापत्रक किती मोडले आहे ते पाहावे.

म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत वर्गातील रोजच्या सवयी जशाच्या तशा ठेवाव्यात : सकाळची हजेरी, वाचनाची ठरलेली वेळ, गोष्टीचा तास. बदल असेल तर तो सकाळीच फळ्यावर लिहून दाखवावा. शिकवण्याचा आशय मात्र बदलता येतो. नवा घटक रेटण्याऐवजी पूर्ण वर्गाने मिळून करायचे एखादे दोन आठवड्यांचे काम हाती घ्यावे, उदाहरणार्थ शाळेच्या आवारातील झाडांची नोंदवही तयार करणे, किंवा पुढच्या वर्षी या वर्गात येणाऱ्या मुलांसाठी वर्गाचे माहितीपुस्तक लिहिणे. दुसरे काम मला विशेष आवडते. ‘या वर्गात कोणती गोष्ट अवघड गेली, ती कशी जमली आणि नव्याने येणाऱ्याला तुम्ही काय सांगाल’ या तीन प्रश्नांवर प्रत्येक मुलाने एक पान लिहायचे किंवा चित्र काढायचे. त्या निमित्ताने लेखनाचा सराव होतो, वर्षाकडे मागे वळून पाहिले जाते आणि येणाऱ्या मुलांच्या हाती त्यांच्याच वयाच्या कोणीतरी लिहिलेले काहीतरी पडते.

आणखी एक कृती अशी, की तिची तयारी वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात करावी लागते. पहिल्या आठवड्यात ‘मी’ या विषयावर मुलांकडून जे लिहून घेतले ते पान जपून ठेवावे आणि शेवटच्या पंधरवड्यात, जुने पान न दाखवता, तोच विषय पुन्हा द्यावा. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून मुलांनी स्वतः फरक शोधावा. एखादे मूल मजकुराची लांबी पाहते, एखादे अक्षर पाहते, तर एखाद्याच्या लक्षात येते की पहिल्या पानावर आपण एकाही मित्राचे नाव लिहिले नव्हते. कोणत्याही गुणपत्रकापेक्षा हा पुरावा मुलाला लवकर समजतो. पहिले पान जपलेले नसेल तर वहीची सुरुवातीची आणि शेवटची पाने घेऊनही हे करता येते.

प्रगतिपुस्तकातील शेरे

शेरे एका रात्रीत लिहू नयेत. ३२ मुलांचा वर्ग असेल तर रोज पाच याप्रमाणे सात दिवसांत ते पूर्ण होतात आणि शेवटच्या मुलाच्या वाट्यालाही पहिल्याइतकेच ताजे लक्ष येते. एका शेऱ्यात तीन वाक्ये पुरेशी असतात : मुलाला आता काय येते, ते कशातून दिसले, आणि पुढे कशावर काम करायचे. ‘प्रगती समाधानकारक आहे, अधिक मेहनत घ्यावी’ हे वाक्य कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. त्याऐवजी ‘हातच्याची बेरीज बिनचूक करतो, शाब्दिक उदाहरणात काय विचारले आहे ते ओळखताना अडखळतो, उदाहरण मोठ्याने वाचून स्वतःच्या शब्दांत सांगितले की ते सुटते’ असे लिहिले, तर पालकांना घरी काय करायचे ते कळते आणि पुढच्या शिक्षकांना कुठून सुरुवात करायची तेही कळते.

वर्ग सोपवण्याची बैठक

आता मुख्य कामाकडे वळू. वेळेचा हिशेब आधी मांडावा. ३२ मुलांसाठी प्रत्येकी दोन मिनिटे धरली तर ६४ मिनिटे लागतात. त्यांतील चार-पाच मुलांविषयी प्रत्येकी दहा मिनिटे अधिक बोलावे लागेल असे गृहीत धरले तर आणखी सुमारे ५० मिनिटे. म्हणजे एकूण दोन तासांच्या आतबाहेर वेळ लागतो, आणि तो एका बैठकीत सलग घेण्यापेक्षा दोन भागांत घेतलेला चांगला, कारण तासाभरानंतर ऐकणाऱ्याला नावे आणि गोष्टी यांची सांगड घालणे जड जाते.

बैठकीपूर्वी जाणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलासाठी एक ओळ आणि विशेष लक्ष द्यावे लागणाऱ्या मुलांसाठी एक पान लिहावे. पानभर सगळ्यांसाठी लिहायला बसलात तर ते पूर्ण होणार नाही, आणि झालेच तर कोणी वाचणार नाही. त्या एका ओळीत काय असावे, हे ठरवताना एकच कसोटी लावावी : ही गोष्ट पुढच्या शिक्षकाला स्वतःहून कळायला किती आठवडे लागतील? गणितातील गुण प्रगतिपुस्तकात दिसतातच, ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही. कोणत्या प्रकारचा मजकूर मूल एकट्याने वाचू शकते, कोणाशेजारी बसले की काम होते आणि कोणाशेजारी होत नाही, चिडल्यावर कशाने शांत होते, फळ्यावरचे लांबून दिसते का, घरी कोणती भाषा बोलली जाते, अशा गोष्टी मात्र कुठल्याच रकान्यात नसतात.

लिहिण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. विशेषणे टाळावीत आणि प्रसंग लिहावेत. ‘खोडकर आहे’ असे लिहिले की पुढच्या शिक्षकाला माहिती मिळत नाही, फक्त पूर्वग्रह मिळतो आणि मुलाला नव्या वर्गात नवी सुरुवात करण्याची संधीच उरत नाही. तेच ‘एका वेळी दोनपेक्षा जास्त तोंडी सूचना दिल्या की गोंधळतो आणि उठून फिरू लागतो, सूचना फळ्यावर क्रमाने लिहिल्या की काम पूर्ण करतो’ असे लिहिले तर अडचणही कळते आणि उपायही कळतो. मी स्वतःसाठी असा नियम केला आहे की, उपाय लिहिता येत नसेल तर अडचण लिहिताना ‘अमुक करून पाहिले, उपयोग झाला नाही’ एवढे तरी लिहायचे. न चाललेला उपाय माहीत असणे हीसुद्धा पुढच्या शिक्षकासाठी मोलाची माहिती असते.

काही गोष्टी तोंडी सांगून भागत नाही. कोणत्या पदार्थाची किंवा औषधाची ॲलर्जी आहे, फिट येतात का, दमा आहे का, कोणते औषध कोठे ठेवले आहे आणि ते कधी द्यायचे, मुलाला शाळेतून घेऊन जाण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, हे सगळे लेखी आणि तारखेसह सोपवावे, आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून पुन्हा तपासून घ्यावे, कारण सुट्टीत औषधाची मात्राही बदलते आणि घरची परिस्थितीही.

उलटपक्षी, घरातील आजारपण, पालकांचे विभक्त होणे किंवा मृत्यू यांसारख्या गोष्टी वर्गशिक्षकाला कळणे आवश्यक असले तरी त्या उघड्या वहीत लिहू नयेत आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर बोलू नयेत. त्या बंद दाराआड, ज्यांना त्या माहीत असण्याची गरज आहे त्यांनाच सांगाव्यात. मुलाच्या सुरक्षिततेविषयी शंका असेल तर ती पुढच्या वर्गापर्यंत थांबवून ठेवू नये. शाळेत त्यासाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे.

बैठकीत ऐकणाऱ्या शिक्षकाचेही काम असते. प्रत्येक मुलाविषयी ‘याला काय आवडते?’ हा प्रश्न त्यांनी आवर्जून विचारावा. अडचणींची यादी आपोआप तयार होते, आवडीची होत नाही. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ‘तुला कीटक पाहायला आवडतात असे ऐकले’ हे वाक्य भेदरलेल्या मुलाला जेवढे जवळ आणते तेवढे दुसरे काहीच आणत नाही.

तुकड्या बदलणार असतील तर

काही शाळांत दरवर्षी तुकड्या नव्याने केल्या जातात. त्याला माझा विरोध नाही, पण ते काम नावांच्या यादीवर नजर टाकून करू नये. जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात गटातील नाती मोजण्याची जी पद्धत रुजवली तिचे अगदी साधे रूप इथे पुरते : प्रत्येक मुलाला एकट्याने, कागदावर, ‘पुढच्या वर्षी तुला कोणाबरोबर काम करायला आवडेल’ अशी तीन नावे लिहायला सांगावीत, आणि त्यांतील किमान एक मित्र किंवा मैत्रीण सोबत राहील असे पाहावे. ज्या मुलाचे नाव कोणीच लिहिलेले नसते ते मूल या कागदांतून ठळकपणे दिसते; त्याची जागा सर्वांत आधी आणि सर्वांत विचारपूर्वक ठरवावी. ‘कोण नको’ हा प्रश्न मुलांना विचारू नये. त्याचे उत्तर शिक्षकांना ठाऊक असते, आणि प्रश्नामुळे वर्गात जखमा होतात.

नवी खोली, नवे शिक्षक

शेवटच्या दोन आठवड्यांत मुलांनी पुढच्या वर्गाच्या खोलीत जाऊन तिथल्या शिक्षकांबरोबर अर्धा तास घालवावा. भाषणे नकोत, एखादी गोष्ट ऐकावी, एखादा सोपा खेळ खेळावा आणि खोली डोळ्यांखालून घालावी. मुलांच्या मनातील प्रश्न बहुतेक वेळा अभ्यासाचे नसतात. स्वच्छतागृह कोठे आहे, पाणी प्यायला जायचे असेल तर विचारावे लागते का, दप्तर कोठे ठेवायचे, बाई रागावतात का, हेच प्रश्न त्यांना सतावतात. त्यासाठी आदल्या दिवशी एक पेटी ठेवून नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगाव्यात आणि नव्या शिक्षकांनी भेटीत त्या सगळ्या चिठ्ठ्यांना गांभीर्याने उत्तरे द्यावीत.

काही मुलांना एक भेट पुरत नाही. स्वमग्न मुले, बदलाने फार अस्वस्थ होणारी मुले आणि ज्यांच्या घरी नुकताच मोठा बदल झाला आहे अशी मुले यांच्यासाठी तीन-चार छोट्या भेटी ठेवाव्यात : पहिली रिकाम्या खोलीला, दुसरी शिक्षकांना एकट्याने, तिसरी दोन मित्रांसह. याच मुलांसाठी छायाचित्रांची लहान पुस्तिका करून द्यावी. कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी ‘सामाजिक गोष्टी’ लिहिण्याची पद्धत मांडली, तिचाच हा उपयोग आहे. मुलाच्याच बाजूने, छोट्या आणि खऱ्या वाक्यांत लिहावे : ‘सुट्टी संपली की मी या दारातून आत जाईन. ही माझी नवी खोली आहे. इथे खिडकीजवळ पुस्तके आहेत. मला काही समजले नाही तर मी हात वर करेन.’ ही पुस्तिका सुट्टीत घरी राहू द्यावी, म्हणजे पालकांना ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवता येते. जे नक्की ठरलेले नाही ते मात्र तिच्यात लिहू नये, कारण पुस्तिकेतले एक वाक्य खोटे ठरले की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

शिक्षक स्वतःच शाळा सोडून जाणार असतील तर मुलांना ते शेवटच्या दिवशी सांगणे अन्यायाचे आहे. साधारण दोन आठवडे आधी, पालकांना कळवले त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगावे आणि ‘तुमच्यामुळे जात नाही’ हे स्पष्ट बोलावे. लहान मुले बऱ्याचदा दोष स्वतःकडे घेतात.

प्राथमिक शाळा संपवून जाणारी मुले

शेवटच्या इयत्तेतील मुलांचे संक्रमण वेगळ्या जातीचे असते. आजवर एका खोलीत, एका वर्गशिक्षकाजवळ वाढलेले मूल आता प्रत्येक तासाला वेगळा शिक्षक, मोठी इमारत, लांबचा प्रवास आणि सगळ्यांत लहान असण्याचा अनुभव यांना सामोरे जाणार असते; कालपर्यंत शाळेत सर्वांत मोठे असलेल्या मुलाला हा शेवटचा बदल सर्वांत जास्त बोचतो. या मुलांसाठी शुभेच्छांपेक्षा सराव उपयोगी पडतो. एक आठवडा त्यांना तासवार वेळापत्रक देऊन रात्री स्वतःचे दप्तर स्वतः भरायला लावावे, गृहपाठाची तारीख रोजनिशीत नोंदवायला शिकवावे, आणि अनोळखी मोठ्या माणसाकडे मदत कशी मागायची याचे छोटे नाट्यप्रसंग वर्गात करावेत. ‘मी वाट चुकलो आहे, मला प्रयोगशाळेकडे जायचे आहे’ हे वाक्य तोंडातून एकदा निघालेले असले की दुसऱ्यांदा ते सोपे जाते. गेल्या वर्षी गेलेल्या दोन-तीन मुलांना एका तासापुरते बोलावून त्यांच्याशी प्रश्नोत्तरे करावीत. त्या वेळी शिक्षकांनी खोलीच्या मागे बसावे आणि मध्ये बोलू नये.

नव्या शाळेला कागदपत्रे वेळेवर पाठवावीतच, पण आधार लागणाऱ्या मुलांसाठी तिथल्या शिक्षकांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर, पालकांच्या संमतीने, एकदा बोलावे. बालवर्गातून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी हेच उलट्या दिशेने करावे, आणि त्यांना वरच्या वर्गातील एकेक सोबती जोडून द्यावा.

निरोप समारंभ

समारंभाविषयी माझे मत थोडक्यात सांगते. तो लहान असावा, त्यात प्रत्येक मुलाला काहीतरी काम असावे, आणि सरावासाठी रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ, आठ दिवसांपेक्षा जास्त दिवस घेऊ नयेत. एवढ्या चार तासांत जे बसेल तेच सादर करावे. मंचावर उभे राहण्याची भीती वाटणाऱ्या मुलाला पडदा, आवाज, सजावट किंवा पाहुण्यांच्या स्वागताचे काम द्यावे आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नावासह छापावे. मोजक्या मुलांना बक्षिसे आणि बाकीच्यांना टाळ्या, ही रचना प्राथमिक वर्गांना शोभत नाही. प्रत्येकासाठी पदवी तयार करायची असेल तर ती खरी असावी; ‘उत्तम हास्य’ अशी भरताड पदवी मुलांना लगेच ओळखू येते. छायाचित्रे काढून ती कोठेही प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.

पालक आणि सुट्टी

शेवटच्या पालकसभेत पालकांचा पहिला प्रश्न सुट्टीतल्या अभ्यासाचा असतो. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीनंतर मुले सरासरी सुमारे एक महिन्याच्या शिकण्याइतकी मागे आलेली आढळली, आणि ही घसरण आकडेमोड व शब्दलेखन यांत अधिक होती. हे अभ्यास अमेरिकेतील शाळांपुरते होते, त्यामुळे तोच आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू करू नये. पण ज्या कौशल्यांना सराव लागतो ती सरावाशिवाय गंजतात, एवढे त्यातून घेता येते. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून सुट्टीसाठी जाडजूड कार्यपुस्तिका देऊ नये, कारण ती शेवटच्या दोन दिवसांत भरली जाते. रोज १५ ते २० मिनिटे आवडीचे वाचन आणि आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे आकड्यांचे खेळ, एवढेच सुचवावे. ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत त्यांना शाळेच्या ग्रंथालयातून सुट्टीसाठी पुस्तके द्यावीत. एखादे पुस्तक परत न येण्याचा धोका मला पत्करण्याजोगा वाटतो.

नवे शिक्षक, नवी खोली, शाळा सुरू होण्याची तारीख आणि पहिल्या दिवशी काय आणायचे, हे पालकांना एका पानावर लिहून द्यावे.

वर्ग आवरणे

भिंतीवरची चित्रे आणि तक्ते रातोरात काढू नयेत. सकाळी आलेल्या मुलाला उघड्या भिंती दिसल्या तर आपल्याला आधीच विसरले गेले असे त्याला वाटू शकते. रोज थोडे थोडे, मुलांच्या हातूनच काढावे, ज्याचे त्याला परत द्यावे, आणि एक फलक शेवटच्या दिवसापर्यंत राहू द्यावा. मोडलेल्या बाकांची, हरवलेल्या साहित्याची आणि संपलेल्या वस्तूंची यादी याच वेळी करून कार्यालयात द्यावी, म्हणजे दुरुस्ती सुट्टीत होते.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी सकाळचा क्रम नेहमीचाच असावा. हजेरी घ्यावी, वाचन व्हावे, गोष्ट पूर्ण करावी. दुपारी सर्वांनी गोल करून बसावे आणि प्रत्येकाने वर्षातील एक आठवण सांगावी. ज्याला बोलायचे नसेल त्याला ‘पुढे’ म्हणण्याची मोकळीक असावी. ‘सुट्टीत कोठे जाणार?’ हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये. काही मुले कोठेच जाणार नसतात, आणि काही मुलांसाठी घरापेक्षा शाळाच अधिक सुरक्षित आणि पोटभर जेवणाची जागा असते. सुट्टी त्यांच्यासाठी आनंदाची बातमी नसते. अशा मुलांची मदत कोण आणि कशी करणार हे शेवटच्या दिवसाच्या बरेच आधी ठरलेले असावे. शाळा सुटताना दारात उभे राहून प्रत्येक मुलाला नावाने निरोप द्यावा. त्याला दहा मिनिटे लागतात, तेवढा वेळ घंटेच्या आधी राखून ठेवावा.

मुले गेल्यावर, खोलीला कुलूप लावण्यापूर्वी, स्वतःसाठी अर्धे पान लिहावे : कोणता घटक यंदा चांगला उतरला, कोणता फसला, पुढच्या वर्षी काय आधी सुरू करायचे. सुट्टीनंतर यातले काही आठवत नाही.

नव्या वर्षाचा पहिला महिना

मुलांचे संक्रमण सुट्टी लागल्यावर संपत नाही. नव्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नये. सुट्टीत विस्मरणात गेलेले पहिल्या दोन आठवड्यांच्या उजळणीने बरेचसे परत येते, आणि त्याआधी घेतलेली चाचणी मुलाची क्षमता दाखवण्याऐवजी सुट्टीची लांबी दाखवते. पहिल्या आठवड्यात रोजच्या सवयी शिकवाव्यात आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेले माहितीपुस्तक वर्गात मोठ्याने वाचावे. जुन्या शिक्षकांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सहज डोकावून जावे, मात्र रोज जाऊ नये, नाहीतर मुलांचा जीव जुन्या खोलीतच अडकून राहतो.

चौथ्या आठवड्यात दोन्ही शिक्षकांनी पुन्हा एकदा पंधरा मिनिटे बसावे, आणि ही तारीखसुद्धा पहिल्या बैठकीतच ठरवून ठेवावी. आता बोलण्याची सुरुवात नव्या शिक्षकांनी करावी. मुलांशी महिनाभर वागल्यानंतर त्यांच्याजवळ नेमके प्रश्न असतात : हा मुलगा तुमच्याकडेही दुपारनंतर थकत असे का, ही मुलगी गटात बोलते पण उभी राहून बोलत नाही, तुम्ही काय करत होता. जुन्या शिक्षकांनीही आपली यादी पुन्हा वाचावी, कारण त्यांनी ज्याच्याविषयी काळजीने पानभर लिहिले होते ते मूल कधी कधी नव्या वर्गात अगदी सुखात असते, आणि तसे असेल तर ते पान तिथेच बाजूला ठेवावे.